मिस्तरींच्या हातातलं ज्ञान मिलमध्ये राहावं म्हणून
जळगाव परिसरातल्या आमच्या उद्योजक ग्राहकांसाठी माहितीपत्रक

नमस्कार,

"मिस्तरी पुढच्या वर्षी काम सोडणार म्हणतात. मग मिल कोणाच्या भरवशावर चालवायची?" पहिल्या भेटीत बरेच शेठ हेच विचारतात. ज्ञान व्यवस्थापन हा शब्द जड आहे, पण तो याच काळजीबद्दल आहे.

दालमिलचंच घ्या. तूर रोलवरून काढली, तेल-पाणी दिलं, ढीग मुरवला, उन्हात पसरली. आता वाळली का? मिस्तरी एक दाणा दाताखाली फोडतात. कोरडा 'कट्' आवाज आला तर माल पुढे, नाही तर अजून एक ऊन. घाई केली तर साल सुटत नाही, चुरी वाढते, उतारा, म्हणजे तुरीतून निघणाऱ्या डाळीचं प्रमाण, घटतो. हा 'कट्' कुठल्याही रजिस्टरात लिहिलेला नसतो.

जपानच्या मात्सुशिता कंपनीलाही १९८५ च्या सुमारास हेच नडलं. त्यांच्या घरगुती पाव-यंत्रात कणीक नीट मळली जाईना. शेवटी इकुको तानाका ही त्यांची सॉफ्टवेअर तज्ज्ञ ओसाकातल्या एका हॉटेलच्या पाववाल्याच्या हाताखाली शिकायला गेली. तो कणीक ओढताना पीळ देतो, हे तिला तिथे कळलं. तो पीळ यंत्रात उतरला आणि १९८७ मध्ये यंत्र बाजारात आलं.

पण सगळंच लिहून काढायला बसू नका, वह्या भरतील आणि कोणी उघडणार नाही. आधी धंदा कुठे न्यायचा ते ठरवा. परदेशी किंवा मोठ्या मॉलला माल द्यायचा असेल तर प्रत्येक लॉट सारखा हवा, म्हणून वाळवण आणि प्रतवारीचं ज्ञान आधी जपा. स्वस्तात विकायचं असेल तर खरेदीची पारख आणि उतारा आधी. आयएसओ ९००१ या दर्जा-व्यवस्थापनाच्या आंतरराष्ट्रीय मानकाच्या २०१५ च्या आवृत्तीतही कामाला लागणारं ज्ञान जपण्याची अट आहे.

आमची पद्धत साधी आहे. एक तरुण पूर्ण सीझन मिस्तरींसोबत राहतो. ते अहिराणीत सांगतात तसंच मोबाइलवर टिपतो. दाणा फोडला की लगेच मॉइश्चर मीटरचा (दाण्यातला ओलावा मोजणाऱ्या यंत्राचा) आकडा, लॉट आणि उतारा वहीत लिहितो. बिघडलेला लॉट तर आवर्जून लिहितो, कारण त्यातूनच जास्त शिकायला मिळतं.

एक विनंती. "सांगून टाकलं की आपली गरज संपली," अशी भीती मिस्तरींना असते आणि ती रास्त आहे. म्हणून शिकवण्याचा मोबदला वेगळा ठरवा आणि तो आधी बोला. पहिली बैठक आम्ही तुमच्या मिलमध्येच घेतो, फी नाही. त्या बैठकीला मिस्तरी मात्र हवेत.