इम्प्लांटवरचा सिरॅमिक थर: कोणती पद्धत कुठे चालते

थराची चौकशी करताना बहुतेकांचा पहिला प्रश्न हार्डनेसचा असतो. आम्ही आधी विचारतो: भाग कोणत्या धातूचा, आकार कसा, आणि थर नेमका कोणत्या पृष्ठभागावर हवा? पद्धत यावरूनच ठरते.

कोबाल्ट-क्रोमच्या गुडघ्याच्या सांध्यातून धातूचे आयन कमी सुटावेत म्हणून टायटॅनियम नायट्राइड या कठीण सिरॅमिकचा थर हवा असेल, तर आम्ही पीव्हीडी (धातूची वाफ करून तिचा थर भागावर बसवण्याची पद्धत) सुचवतो. निर्वात कक्षात, साधारण 200 ते 500 अंश सेल्सिअसला, 2 ते 5 मायक्रॉनचा थर बसतो. मापं फारशी हलत नाहीत. मात्र बाष्प उन्हासारखं सरळ येतं. भाग फिरवत ठेवला तरी खोल खाचा आणि बारीक भोकं सावलीतच राहतात. पीव्हीडीच्या आर्क पद्धतीत (यात विजेच्या ठिणगीने धातूची वाफ करतात) धातूचे सूक्ष्म थेंबही थरात अडकतात. घासल्या जाणाऱ्या पृष्ठभागावरून असा थेंब निखळला की तिथे छिद्र पडतं, म्हणून नंतरचं पॉलिश आम्ही ऐच्छिक ठेवत नाही. स्पटरिंगचा (पीव्हीडीचाच प्रकार, यात आयनांच्या माऱ्याने धातूचे अणू उडवतात) थर गुळगुळीत येतो, पण सावकाश वाढतो.

सीव्हीडीत, म्हणजे तापलेल्या भागावर वायूंच्या रासायनिक क्रियेतून थर बसवण्याच्या पद्धतीत, वायू कानाकोपऱ्यात पोचतो, थराची पकडही चांगली असते. अडचण उष्णतेची. नेहमीची सीव्हीडी 800 ते 1000 अंशांवर चालते, आणि इम्प्लांटमध्ये सर्रास वापरला जाणारा टायटॅनियमचा मिश्रधातू सुमारे 995 अंशांना अंतर्गत रचना बदलतो. इतका तापलेला भाग दिसायला धडधाकट असतो, पण वारंवार येणाऱ्या भाराखाली लवकर तडकू शकतो. टायटॅनियमचं असं काम आम्ही घेत नाही.

हाड रुजावं म्हणून दिलेला हायड्रॉक्सीॲपटाइटचा (हाडातल्या खनिजासारख्या कॅल्शियम फॉस्फेटचा) थर हे वेगळंच प्रकरण. तो प्लाझ्मा स्प्रेने (अतितप्त वायूच्या झोतातून पावडर फवारून), बहुधा 50 ते 200 मायक्रॉन जाड देतात. पावडर जास्त तापली तर तिचं विघटन होतं आणि थर शरीरात लवकर विरघळतो. त्यामुळे स्फटिकता आणि चिकटण्याची ताकद, दोन्हींचे अहवाल मागा. घासणाऱ्या पृष्ठभागावर हा थर चालत नाही.

सोल-जेल (द्रावणाचा लेप देऊन तो तापवून थर बनवण्याची पद्धत) स्वस्त, पण थर जाड केला की भेगा पडतात. एएलडी (वायू आळीपाळीने सोडून अणूंचे पातळ थर चढवण्याची पद्धत) आतल्या भोकांतही एकसारखा थर देतं; फक्त एका फेरीत सुमारे 0.1 नॅनोमीटर वाढ होते, म्हणजे एका मायक्रॉनला दहा हजार फेऱ्या!

ड्रॉइंग पाठवताना थर नको असलेल्या जागा, उदाहरणार्थ आटे आणि टेपर (निमुळता जोड), त्यावर खुणा करून दाखवा. भाग धरून ठेवणारं फिक्स्चर आम्ही त्यावरूनच बनवतो.