कुन्छ्यूला खरं कुणी तारलं?

चिनी संगीतनाट्य म्हटलं की बहुतेकांना बीजिंग ऑपेरा आठवतो. तो तसा अलीकडचा. १७९० मध्ये छ्येनलोंग बादशहाच्या ऐंशीव्या वाढदिवसानिमित्त आन्ह्वी प्रांतातली एक नाटकमंडळी राजधानीत आली, मागोमाग आणखी आल्या, आणि त्यांच्या गायकीत इतर प्रांतांच्या चाली मिसळत पुढच्या काही दशकांत तो घडला. त्याआधीची दोनशे वर्षं मान होता कुन्छ्यू या जुन्या संगीतनाट्यप्रकाराला.

कुन्छ्यू मूळचं सूचौजवळच्या कुनशानचं. सोळाव्या शतकात वेई ल्यांगफू याने तिथल्या चाली घोटूनघोटून एकेक अक्षर लांबवणारी संथ गायकी तयार केली. साथीला मुख्यतः आडवी बासरी. तांग श्यानझूचं १५९८ चं ‘मूदानतिंग’ हे या रंगभूमीचं सर्वांत लाडकं नाटक, पण त्याचे प्रवेशच ५५! एवढं सलग बघणार कोण? त्यामुळे मोठ्या नाटकांतले निवडक प्रवेश सुटे करून दाखवण्याचा प्रघात पडला, आणि पुढे तालीमही प्रवेशाप्रवेशाचीच होऊ लागली.

संहिता अभिजात भाषेतली, शिकल्यासवरल्यांनाच कळणारी. सामान्य प्रेक्षक रांगड्या, जोरकस नाटकांकडे वळला. त्यात १८५० ते १८६४ च्या ताइपिंग बंडाने यांगत्से नदीच्या मुखाकडचा सधन मुलूख होरपळला आणि आश्रयदातेच उरले नाहीत.

१९२१ मध्ये सूचौच्या काही रसिकांनी एक शाळा काढली. खर्चाचा मोठा भार शांघायचे कापूस गिरणीमालक मू ओउछू यांनी उचलला. शिकवायला मोडकळीला आलेल्या छ्वेनफू नाटकमंडळीतले म्हातारे नट होते आणि शिकायला बहुतेक गरीब घरची मुलं. प्रत्येकाच्या रंगमंचीय नावात ‘छ्वान’ म्हणजे वारसा पुढे देणं हे अक्षर घातलं. त्यापुढच्या अक्षराच्या घडणीवरून भूमिकाही ओळखू यायची: तरुण नायकाच्या अक्षरात रत्नाची खूण, स्त्रीपार्टीच्या गवताची, विदूषकाच्या पाण्याची. हौस म्हणावी तर अशी!

या मुलांचं पुढे काही बरं चाललं नाही. मू यांचा आधार सुटला. १९३७ च्या शांघायवरच्या बॉम्बहल्ल्यात या मुलांच्या मंडळीचे पोशाख आणि सामान गेलं. काही जण छोट्या फिरत्या मंडळीत दुसऱ्याच धाटणीची नाटकं करून पोट भरू लागले.

१९५६ मध्ये यातल्याच दोघांनी, झोउ छ्वानयिंग आणि वांग छ्वानसोंग यांनी, बीजिंगमध्ये ‘शिवूक्वान’ रंगवलं. निरपराधांना फाशीपासून वाचवणाऱ्या अधिकाऱ्याची ही गोष्ट. मूळचे २६ प्रवेश कापून ८ केलेले. माओंनी ते पाहिलं, पंतप्रधान चाऊ एन लाय यांनी उचलून धरलं, आणि ‘एका नाटकाने एक नाट्यप्रकार जिवंत केला’ असा अग्रलेख १८ मे रोजी कम्युनिस्ट पक्षाच्या ‘पीपल्स डेली’ या वृत्तपत्रात आला. ते वाक्य आजही सर्रास उद्धृत होतं. मला ते अर्धंच पटतं. सरकारदरबारी मान त्या नाटकाने मिळवून दिला हे खरं, पण पस्तीस वर्षांपूर्वीची तालीम अंगात मुरलेली नसती तर ते नाटक उभं करणार कोण होतं? शिवाय सरकारी कृपा दहाच वर्षं टिकली. १९६६ मध्ये सांस्कृतिक क्रांती आली, राजेमहाराजे आणि विद्वान यांच्या कथा बंद झाल्या, मंडळ्या मोडल्या.

२००१ मध्ये युनेस्कोने अमूर्त वारशाच्या पहिल्या १९ उत्कृष्ट कलांमध्ये कुन्छ्यू घेतलं. त्याच यादीत केरळचं कुडियाट्टमही होतं. यानंतर सरकारी पैसा पुन्हा आला.

२००४ मध्ये लेखक पाय शियनयुंग यांनी ‘मूदानतिंग’ची तीन रात्रींची, नऊ तासांची आवृत्ती तैपेईत सादर केली. ५५ पैकी २७ प्रवेश ठेवले, नट मुद्दाम तरुण घेतले, चीनच्या विद्यापीठांतून प्रयोग केले. नव्या पोशाखांचं आणि प्रकाशयोजनेचं खूप बोललं गेलं. पण नायक झालेल्या यू ज्यूलिन यांनी त्याआधी वांग शीयू यांना रीतसर साष्टांग नमस्कार घालून शिष्यत्व घेतलं होतं, आणि वांग शीयू हे शिष्य होते झोउ छ्वानयिंग यांचे.