तेरीज जुळली म्हणजे हिशेब बरोबर?

‘तेरीज जुळली, आता काळजी नाही’ हा जुना समज चुकीचा आहे. तेरीज म्हणजे सगळ्या खात्यांच्या शिल्लकांची यादी; नावे आणि जमा बाजूंच्या बेरजा समान आहेत, एवढेच ती सांगते. यंत्राच्या दुरुस्तीचे १२,००० रुपये यंत्र खात्याला नावे टाकले तरी ती जुळते. पण खर्च मालमत्तेत गेल्याने, घसारा (यंत्राच्या झिजेपोटी धरलेला खर्च) हिशेबात न घेता पाहिले तर नफा तेवढ्याने फुगतो. एखादे बिल रोजकीर्दीत, म्हणजे व्यवहारांच्या पहिल्या नोंदवहीत, चढलेच नाही, तरीही जुळते!

मग चूक पकडायची कशी? माझ्या मते पहिला आधार नोंदीखालचे स्पष्टीकरण. ते आपण फार उरकून लिहितो. ‘दुरुस्तीचे दिले’ यातून काय कळणार? ‘लेथचे झिजलेले बेअरिंग बदलले, बिल क्र. ११८’ असे लिहा. हा खर्च भांडवली (मालमत्तेत जाणारा) नसून महसुली (त्याच वर्षीच्या नफ्यातून वजा होणारा) आहे, हे तपासणाऱ्याला तिथेच दिसेल.