मुंबई उत्तर, १९५२ : दुसऱ्या मताने घडवलेला पराभव

डॉ. बाबासाहेब आंबेडकर पहिल्या लोकसभा निवडणुकीत मुंबई शहर उत्तरमधून हरले, याचं कारण बहुतेकदा ‘काँग्रेसची लाट’ एवढंच सांगितलं जातं. ते अपुरं आहे. सप्टेंबर १९५१ मध्ये मंत्रिमंडळाचा राजीनामा देऊन ते शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनच्या हत्ती चिन्हावर उभे राहिले. हा मतदारसंघ द्विसदस्य होता : एक जागा सर्वसाधारण, एक अनुसूचित जातींसाठी राखीव. मतदाराला दोन मतं असत आणि ती दोन वेगळ्या उमेदवारांना द्यावी लागत. प्रत्येक उमेदवाराची वेगळी मतपेटी असे; दोन्ही मतपत्रिका एकाच पेटीत टाकल्या, तर एक बाद. यालाच ‘मत कुजवणं’ म्हणत.

फेडरेशनची युती समाजवादी पक्षाशी होती. म्हणजे एक मत बाबासाहेबांना, दुसरं अशोक मेहतांना. समोर काँग्रेसचे विठ्ठल गांधी आणि नारायण काजरोळकर, शिवाय कम्युनिस्ट श्रीपाद अमृत डांगे.

गांधींना १,४९,१३८ मतं पडली, मेहतांना १,३९,७४१, काजरोळकरांना १,३८,१३७ आणि बाबासाहेबांना १,२३,५७६. राखीव जागा अनुसूचित जातींच्या उमेदवारांत सर्वाधिक मतं घेणाऱ्याची, म्हणून मेहतांपेक्षा मागे असूनही काजरोळकर खासदार झाले. बाबासाहेब १४,५६१ मतांनी हरले. मेहता त्यांच्यापेक्षा १६,१६५ मतांनी पुढे होते. म्हणजे मेहतांना मत देणाऱ्या प्रत्येकाने दुसरं मत हत्तीला दिलं असतं, तर बाबासाहेब निवडून आले असते. गळती काँग्रेसकडेही होती, तिच्या दोन उमेदवारांत ११,००१ मतांचा फरक आहे. पण तिला ती परवडली. युतीतला करार नेत्यांत झाला, पेटीपर्यंत पुरता पोचला नाही, हे या आकड्यांतून स्पष्ट दिसतं.

त्यात ७४,३३३ मतं बाद ठरली. डांगे यांच्या बाजूने मतं कुजवण्याचा प्रचार झाला, असा बाबासाहेबांचा आरोप होता. त्यांनी आणि मेहतांनी निवडणूक न्यायाधिकरणाकडे अर्ज केला, तो फेटाळला गेला. फेडरेशन मात्र संपलं नव्हतं : त्याच निवडणुकीत सोलापुरातून पां. ना. राजभोज लोकसभेत गेले.

बाबासाहेब १९५२ मध्येच मुंबई राज्यातून राज्यसभेवर आले. १९५४ ची भंडारा पोटनिवडणूकही द्विसदस्यच होती. तिथे मेहता सर्वसाधारण जागा जिंकले, बाबासाहेब राखीव जागेवर पुन्हा हरले. द्विसदस्य मतदारसंघ १९६१ च्या कायद्याने रद्द झाले.