चारीसाठी जेसीबी की चेन ट्रेंचर? तासाचा दर आणि फुटाचा दर

ऊस तुटून गेला, रान मोकळं झालं की सातारा-सांगलीत पाईपलाईनच्या चाऱ्यांची घाई सुरू होते. दर वर्षी पारावर तोच हिशोब ऐकू येतो. "ट्रेंचरवाला फुटाला १५ रुपये मागतोय. जेसीबी तासाला १,२०० नं येतोय आणि तासात १०० फूट सहज ओढतोय. म्हणजे फुटाला १२ पडले. मग ट्रेंचर कशाला?" हा हिशोब अर्धाच आहे. त्यापायी माणसं पैसेही जास्त घालवतात आणि चांगल्या काळ्या रानाचा पट्टाही खराब करून घेतात. (दर गावाप्रमाणे आणि डिझेलप्रमाणे बदलतात. इथले आकडे उदाहरणापुरते आहेत, तुमच्याकडचे दर घालून बघा.)

जेसीबी सगळ्यांनी पाहिलाय, त्याच्यावर वेळ घालवत नाही. पुढं लोडर, मागं बकेट, भाडं तासावर. चेन ट्रेंचर म्हणजे ट्रॅक्टरच्या मागं पीटीओवर (इंजिनाची ताकद अवजाराला देणाऱ्या दांड्यावर) फिरणारी दातांची साखळी. ट्रॅक्टर क्रीपर गिअरमध्ये अगदी सावकाश सरकतो, साखळी माती कापून वर आणते आणि कडेला टाकते. चारी अरुंद आणि सरळ निघते. रुंदी ६, ८, १० किंवा १२ इंच, जशी साखळी बसवाल तशी. पाईपलाईनला लागणारी तीन फूट खोली आरामात मिळते. भाडं बहुतेक ठिकाणी फुटावर.

आता घोळ कुठं होतो ते बघा. दोघंही "एक फूट चारी" म्हणतात, पण त्या एका फुटात उकरलेली माती सारखी नसते. १,२०० फूट लाईन आणि ३ फूट खोली धरा. जेसीबीची नेहमीची बकेट दोन फुटांच्या आसपास रुंद असते. म्हणजे १,२०० गुणिले २ गुणिले ३, एकूण ७,२०० घनफूट. १०० घनफुटांचा एक ब्रास, म्हणजे ७२ ब्रास. ट्रेंचरची ८ इंची चारी तेवढ्याच लांबी-खोलीला २,४०० घनफूट माती काढते, म्हणजे २४ ब्रास. घरासमोर मुरूम टाकून घेतलेल्या माणसाला ७२ ब्रास म्हणजे किती ते सांगावं लागत नाही. चार इंची पाईप गाडायला एवढी माती उकरायची आणि परत तिथंच लोटायची, त्याचे पैसे तुम्ही देता.

पारावरच्या हिशोबात चारी बुजवणं धरलेलंच नसतं. जेसीबीनं काढायला १२ तास, १४,४०० रुपये. बुजवायला आणखी ५ तास धरले तर ६,००० रुपये. झाले २०,४००, म्हणजे फुटाला १७ रुपये. ट्रेंचरचे १८,००० आणि वर ट्रॅक्टरला पातं लावून माती ओढायचे थोडे. रक्कम जवळपास सारखीच झाली. मशीन आणण्या-नेण्याचं भाडं आणि किमान तासांची अट यात अजून धरलेली नाही.

रक्कम सारखी असली तरी रान सारखं राहत नाही. वाळवा, पलूस, मिरज, कराडच्या नदीकाठच्या काळ्या रानात दोन फुटी चारी कितीही दाबून बुजवा, पहिल्या जोरदार पावसात ती बसते. मग तिथं पाणी धरतं आणि ट्रॅक्टरचं चाक रुततं. त्याहून वाईट म्हणजे खालची चुनखडीची पांढरी माती वर येते. त्या ओळीवरच्या उसाला केवडा पडतो, म्हणजे पानं पिवळी-पांढरी होतात, आणि शेतकरी खताला दोष देत बसतो. जेसीबीच लावायचा असेल तर ऑपरेटरला आधी सांगा, वरची काळी एका बाजूला आणि खालची दुसऱ्या बाजूला टाक, आणि बुजवताना काळी शेवटी ओढ. हे सांगितल्याशिवाय कुणी करत नाही. सांगितलं तर थोडा वेळ जातो, तो जाऊ द्या. दुसरं, एक फुटी बकेट आहे का ते विचारा. तेवढ्यानं मातीचं काम निम्म्यावर येतं. बकेट बदलायचा आळस करणाऱ्याला मी काम देणार नाही.

आता दराचं खरं मर्म. तासाच्या दरात दगडाची जोखीम तुमची असते, फुटाच्या दरात मशीनवाल्याची. तासात १०० फूट हा वेग मऊ मातीतला. मुरूम कडक लागला आणि वेग ५० वर आला, तर तुमचा १२ रुपयांचा फूट बुजवण्याआधीच २४ चा झाला. दगड फोडायचा ब्रेकर लावावा लागला तर तासाचा दरही वेगळा. फुटावर घेतलं असेल तर वेग कमी झाल्याचा तोटा त्याचा. म्हणूनच फुटाचा दर वरकरणी चढा दिसतो. पण "दगड लागला तर दर वेगळा" असं तो हळूच सांगून ठेवतो. तो वेगळा दर किती, आणि दगड कशाला म्हणायचं, हे मशीन रानात यायच्या आधी ठरवा. अर्धी चारी झाल्यावर ठरवायला गेलात तर तुमच्या हातात काही उरत नाही.

याचा अर्थ ट्रेंचर सगळीकडं चालतो असं नाही. टेंभू आणि म्हैसाळ उपसा सिंचन योजनांचं पाणी आल्यापासून आटपाडी, कवठेमहांकाळ, जतकडं नव्या लाईनी पडतायत. माण-खटावलाही तसंच. तिथं बऱ्याच रानात वीतभर मातीखाली मुरूम आणि त्याच्या खाली काळा पाषाण. मऊ मुरूम साखळी कापते. पण सुटे धोंडे असले की दात तुटतात आणि साखळी अडकते. अशा रानात जेसीबीच बोलवा. पाटण-जावळीच्या उतारावरही तेच. अंदाज नसेल तर लाईनच्या वाटेवर तीन-चार ठिकाणी पहारीनं खड्डे घेऊन बघा. एका दिवसाच्या मजुरीत सगळा वाद मिटतो.

वाफसाही बघा, म्हणजे मातीत बेताचाच ओलावा हवा. ओल्या काळ्या मातीत साखळी चिकटून माती सोडत नाही. पाणी दिल्यावर लगेच ट्रेंचर बोलवू नका.

जुन्या लाईनींची मला खरी काळजी वाटते. नदीकाठच्या गावांत नदीचं पाणी उचलणाऱ्या उपसा संस्थांच्या, शेजाऱ्यांच्या, भावकीच्या पाईपांचं जाळं जमिनीखाली आहे. जेसीबीचा ऑपरेटर बकेटकडं बघत असतो, पाईप दिसला तर थांबतो. ट्रेंचरवाल्याला पाईप तुटल्यावरच कळतं. म्हणून जुनी लाईन आडवी जाते तिथं दहा फूट हातानं उकरा, यात तडजोड नाही. रस्ता ओलांडायचा असेल तर परवानगी लागतेच. तिथं केबल असेल तर २०२३ मध्ये सुरू झालेल्या 'कॉल बिफोर यू डिग' या सरकारी ॲपवर आधी कळवता येतं.

रुंदीचं टेन्शन लोक उगाच घेतात. ८ इंच चारीत ११० मिमीचा पाईप बसतो. फक्त जोड चारीत उतरून मारता येत नाहीत, ते वर मारायचे, सोल्युशन (पाईप चिकटवायचा डिंक) वाळू द्यायचं आणि लाईन अलगद खाली सोडायची. व्हॉल्व्ह आणि टी जिथं येणार तिथं हातानं खड्डा मोठा करायचा.

मोजणी मात्र स्वतः करा. ट्रेंचरच्या चारीत तळाला भुसभुशीत माती मागं राहते, म्हणून सळई त्या मातीत न खुपसता वरच टेकवून खोली मोजा. खुपसून मोजली तर दोन-तीन इंचाचा फरक पडतो. पाईप नांगराच्या फाळाखाली राहायचा असेल तर ते इंच लागतात. जेसीबी आला की आधी तास-मीटरचं रीडिंग फोनवर फोटो काढून ठेवा. मीटर इंजिन चालू असेपर्यंत फिरतो, ऑपरेटर चहा पीत असला तरी. पाईप, सोल्युशन आणि गडी रानात पोचल्याशिवाय मशीन सुरू करू देऊ नका.

लाईन लांब असेल आणि निम्मं काळं, निम्मं मुरमाड असेल तर दोन्ही मशीनं लावा. काळ्यात ट्रेंचर फुटावर, मुरमात जेसीबी तासावर. आधी ट्रेंचर आणा. तो जिथं अडेल तिथं खुंटी ठोका आणि तिथून पुढचंच काम जेसीबीला द्या.