काच बदलली, तरी धूसरच? कॉर्नियाच्या डिस्ट्रॉफीविषयी आमच्या ग्राहकांसाठी

नंबर काढायला आलेल्या काही जणांना आम्ही चष्मा न विकताच डोळ्यांच्या डॉक्टरांकडे पाठवतो. "आलेलं गिऱ्हाईक परत का लावता?" असं बरेचदा विचारलं जातं, म्हणून हा कागद छापला. डोळ्याचा सगळ्यात पुढचा पारदर्शक पडदा, म्हणजे कॉर्निया, काही जणांत आतूनच हळूहळू बिघडत जातो. या बहुतेकदा घराण्यातून येणाऱ्या आजारांना डिस्ट्रॉफी म्हणतात.

आधी आमचीच चूक सांगतो. सातपूरच्या कारखान्यात पहिल्या पाळीला जाणारे एक काका सुट्टीच्या दिवशी सकाळी, दुकान उघडताच आले. तक्रार अशी, की पहाटे कंपनीची बस दिसते, पण तिच्यावरची पाटी वाचता येत नाही. दुपारी पाळी सुटेपर्यंत मात्र सगळं लख्ख. आम्ही नंबर काढून चष्मा दिला. आठवड्याने ते संध्याकाळी आले, म्हणाले नंबर चुकलाय. तपासलं, तर खरंच वेगळा निघाला! आम्ही मशीनला दोष दिला आणि काचा फुकट बदलून दिल्या. तक्रार तीच राहिली. मशीन ठीक होतं, काकांचा डोळाच सकाळी एक आणि संध्याकाळी एक असा होता. डॉक्टरांनी स्लिट लॅम्पखाली, म्हणजे प्रकाशाची बारीक फीत टाकणाऱ्या दुर्बिणीतून, पाहिलं आणि नाव सांगितलं: फुक्स डिस्ट्रॉफी. व्हिएन्नाच्या अर्न्स्ट फुक्स यांनी 1910 मध्ये या आजाराचं वर्णन केलं, म्हणून त्यांचं नाव.

डोळ्याची पहिली काच

बुबुळासमोरचा पारदर्शक पडदा म्हणजे कॉर्निया. जाडी जेमतेम अर्धा मिलिमीटर. प्रकाश वळवायची डोळ्याची एकूण ताकद साधारण 60 डायॉप्टर (चष्म्याचा नंबर याच मापात असतो), त्यातले 43 च्या आसपास एकट्या कॉर्नियाचे. आतल्या भिंगापेक्षा, म्हणजे जिथे मोतीबिंदू होतो त्यापेक्षा, ही बाहेरची काचच जास्त काम करते. तिच्यात रक्तवाहिनी नाही. कोलॅजनचे अतिबारीक धागे तिच्यात इतक्या शिस्तीत रचलेले असतात, की प्रकाश न विखुरता आरपार जातो. त्या रचनेत पाणी शिरलं, की धाग्यांमधली अंतरं बिघडतात आणि पडदा दुधाळ होतो.

पाणी शिरतच असतं. ते उपसायला आतल्या बाजूला पेशींचा एकच थर आहे. मोठ्या माणसात एका चौरस मिलिमीटरला अडीच हजारांच्या आसपास पेशी. गेलेल्या पेशीच्या जागी नवी येत नाही. शेजारच्या पेशी पसरून जागा भरतात, तेवढंच. फुक्समध्ये त्या वेगाने कमी होतात आणि त्यांच्या मागे बारीक उंचवटे उठतात. भांडी बाजारातलं ठोक्याचं तांब्याचं घंगाळ आठवा. डॉक्टरांना यंत्रातून तो थर तसाच, ठोकलेल्या पत्र्यासारखा दिसतो.

आता काकांच्या बसचं कोडं सुटतं. रात्रभर पापण्या मिटलेल्या, त्यामुळे डोळ्यावरचं पाणी उडून जात नाही आणि सकाळी कॉर्निया सुजलेला असतो. डोळे उघडे राहिले, की पाणी उडतं आणि नजर हळूहळू साफ होते. श्रावणातल्या दमट हवेत हे धुकं जास्त वेळ रेंगाळतं, थंडीतल्या कोरड्या हवेत लवकर निवळतं.

तक्त्यावर पास, रस्त्यावर नापास

हा मुद्दा नीट वाचा, कारण घरच्यांना तो पटत नाही. आमच्या तक्त्यावर पांढऱ्यावर काळीकुट्ट अक्षरं असतात. ती शेवटच्या ओळीपर्यंत वाचूनही माणूस म्हणतो, "मला नीट दिसत नाही." तो खरं बोलत असतो. विखुरलेला प्रकाश डोळ्याच्या मागच्या पडद्यावर पातळ पांढरी चादर टाकतो. काळ्या अक्षराला ती जाणवत नाही. पण राखाडी रस्त्यावरचा राखाडी स्पीडब्रेकर, जिन्याची शेवटची पायरी, संध्याकाळी समोरच्याचा चेहरा, हे सगळं पुसट होतं. मुंबई-आग्रा हायवेवर समोरच्या ट्रकचा दिवा फुटलेल्या ताऱ्यासारखा पसरतो.

आम्ही डोळ्यासमोर एक काळी चकती धरतो, मधोमध टाचणीएवढं भोक असलेली. दोष फक्त नंबरचा असेल, तर त्यातून अक्षरं धारदार होतात. धुकं कायम राहिलं, तर कारण कॉर्निया, मोतीबिंदू किंवा मागचा पडदा असू शकतं. ते ठरवणं डॉक्टरांचं काम. अँटी-ग्लेअर कोटिंग काचेवरची चमक घालवतं, डोळ्यात विखुरणारा प्रकाश नाही. त्यासाठी आमच्याकडे जादा पैसे मोजू नका.

इतर प्रकार

फुक्स सहसा चाळिशी-पन्नाशीनंतर त्रास देतो, बायकांमध्ये जास्त. ग्रॅन्युलर प्रकारात कॉर्नियात भाकरीच्या चुऱ्यासारखे ठिपके साठतात. मधली जागा स्वच्छ असेपर्यंत नजर बरी राहते. लॅटिस प्रकारात कॉर्नियाची वरची पातळ त्वचा सुटते आणि पहाटे डोळा उघडताना कळ येते. मॅक्युलर प्रकार तरुणपणीच नजर नेतो आणि आई-वडील दोघांकडून दोष आला तरच होतो, म्हणून मामाच्या मुलीशी लग्नाची रीत असलेल्या घरांनी तो लक्षात ठेवावा. (मागच्या पडद्याचा 'मॅक्युला' वेगळा. फायलीवर तो शब्द दिसला म्हणून घाबरू नका, डॉक्टरांना विचारा.)

लग्न ठरलं की लेसरने नंबर काढायची घाई होते. घरात कुणाला कॉर्नियाचा आजार असेल, तर आधी सांगा. ग्रॅन्युलरच्या एका प्रकारात लेसिकनंतर ठिपके झपाट्याने वाढतात.

उपाय

सुरुवातीला फुक्समध्ये डॉक्टर 5 टक्के मिठाचे थेंब देतात, ते पाणी ओढून घेतात. घरी मीठ कालवून डोळ्यात घालू नका. असं करणारे भेटलेत. फुक्स असेल तर कॉन्टॅक्ट लेन्स आम्ही मागूनही देत नाही, कारण कॉर्नियाला हवा कमी पडून सूज वाढते. आजार पुढे गेला, तर नेत्रदानातून मिळालेला कॉर्निया बसवतात. फुक्समध्ये हल्ली बरेचदा फक्त आतला पातळ थर बदलतात आणि तो हवेच्या बुडबुड्याने चिकटवतात, म्हणून रुग्णाला काही काळ उताणं झोपवतात. नेत्रदान मृत्यूनंतर सहा तासांच्या आत व्हावं लागतं; चष्मा असलेल्यांना आणि मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेल्यांनाही ते करता येतं.

सकाळी धूसर आणि नंतर साफ असं होत असेल, तर एकाच दिवशी दोनदा या: एकदा सकाळी, उठल्यावर होईल तितक्या लवकर, आणि एकदा संध्याकाळी. दोन्ही नंबर वेळेसकट एका कागदावर लिहून देतो. तो डॉक्टरांना दाखवा. त्याचे पैसे नाहीत.