ड्युरांटाला फळं का धरत नाहीत?

बेळगाव, निपाणी, खानापूर, कुठल्याही रोपवाटिकेत कुंपणासाठी झाड मागा, ड्युरांटाचं नाव निघतंच. पिवळ्या पानांची जात बागेच्या कडेला, रस्त्याच्या दुभाजकात सपाट कापून बसवलेली असते. पण या झुडपाचं खरं रूप फळांत आहे. निळसर-जांभळ्या फुलांचे लोंबते तुरे आणि मागोमाग सोनेरी मण्यांचे घोस.

ते दिसत नाहीत, कारण आपली कात्री. ड्युरांटाचा तुरा नव्या फुटीच्या टोकाला येतो. दर पंधरवड्याला वरून कात्री फिरवली की तुरा धरायच्या आधीच शेंडा जातो. फळं हवी असतील तर वर्षातून एकदाच छाटणी करावी, तीही शेवटचे घोस गळाल्यावर, फेब्रुवारीअखेर ते मार्चमध्ये. सिकेटरनं, म्हणजे छाटणीच्या कात्रीनं, जुन्या, आत वळलेल्या फांद्या बुडापासून काढाव्यात आणि उरलेल्या एक तृतीयांश आखूड कराव्यात. मग वळवाच्या पावसावर जी फूट येते, तिला हात लावू नये.

दुसरं कारण सावली. किमान सहा तास ऊन नसेल तर फुलं विरळ येतात, पिवळी पानंही हिरवट पडतात. तिसरं कारण युरिया. नत्र जास्त झालं की पाला माजतो आणि फुलं मागे राहतात. झाडामागे वर्षाला एक घमेलं कुजलेलं शेणखत पुष्कळ झालं.

ओळखताना फळ जवळून पाहावं. ते सुमारे एक सेंटिमीटरचं, गुळगुळीत, पिवळं-केशरी असतं. फुलाचा निदलपुंज, म्हणजे पाकळ्यांखालचा हिरवा पेला, वाढून फळाला पुरता वेढतो आणि टोकाला चोचीसारखा वळतो. ही चोच ड्युरांटाची पक्की खूण. पानं समोरासमोर, क्वचित तिनाच्या पेऱ्यात. काही झाडांना पानांच्या बगलेत काटे असतात. याच कुळातल्या घाणेरीचं पान खरखरीत असतं, चुरगळलं की उग्र वास मारतं आणि तिची फळं पिकून काळी होतात. कुंतीची फळं लाल आणि पान संयुक्त असतं. जुन्या पुस्तकांत ड्युरांटा रेपेन्स किंवा प्लुमिएरी अशी नावं आढळतात. ती याच ड्युरांटा इरेक्टाची. हे नाव स्वीडिश वनस्पतिशास्त्रज्ञ लिनियसनं १७५३ साली दिलं.

ही फळं विषारी आहेत, हे घरात सगळ्यांना माहीत हवं. त्यांत सॅपोनिनं, म्हणजे साबणासारखा फेस धरणारी द्रव्यं असतात. बुलबुल ती बिनधोक खातात, माणसाला आणि कुत्र्या-मांजरांना मात्र बाधतात. आपल्याकडची मुलं करवंदं, तोरणं झुडपावरूनच तोडून खात मोठी होतात, म्हणून हा धोका जास्त. मुलानं फळ खाल्लं तर तोंडातलं काढून टाकावं, चूळ भरायला लावावी, उलटी करवू नये आणि झाडाची फांदी सोबत घेऊन लगेच दवाखाना गाठावा. बालवाडीच्या आवारात हे झाड नकोच.

रोपं छाटाची, म्हणजे फांदीच्या तुकड्याला मुळं आणून करावीत. बियांपासून आलेलं झाड आईसारखं निघेलच असं नाही. जूनमध्ये पेन्सिलीएवढी, अर्धवट पिकलेली फांदी १२ ते १५ सेंटिमीटर लांब घ्यावी. खालचा काप डोळ्याच्या लगेच खाली तिरका द्यावा. वरची दोन-तीन पानं ठेवून बाकीची काढावीत. निम्मी वाळू आणि निम्मा कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) अशा मिश्रणात दोन डोळे गाडून सावलीत ठेवावं. चार-पाच आठवड्यांत मुळं धरतात. छाट बुडाशी काळे पडून सडले तर पाणी जास्त झालं असं समजावं. कुंपणासाठी दोन रोपांत दीड फूट अंतर ठेवावं, फळांसाठी सहा फूट.

बेळगाव-खानापूरच्या तांबड्या जमिनीत पाणी निचरतं, तिथं खड्ड्यात शेणखत मिसळलं की भागतं. अथणीकडच्या काळ्या जमिनीत पाणी साचून मुळं कुजतात, म्हणून माती उंच करून मुरूम मिसळावा. त्याच काळ्या, चुनखडीच्या जमिनीत कोवळी पानं पिवळी आणि शिरा तेवढ्या हिरव्या दिसल्या तर ती लोहाची कमतरता. लिटरभर पाण्यात ५ ग्रॅम हिराकस (फेरस सल्फेट) आणि १ ग्रॅम सायट्रिक आम्ल विरघळवून संध्याकाळी फवारावं. पिवळ्या पानांच्या जातीत मात्र ही खूण फसवते. तिथं शिरांचा रंग पाहूनच ठरवावं. अशा झाडावर पूर्ण हिरवी फांदी निघाली तर बुडापासून काढावी, नाहीतर ती जोमानं वाढून पिवळ्या फांद्यांना झाकते.

पक्षी बिया लांबवर टाकतात; ऑस्ट्रेलियात आणि दक्षिण आफ्रिकेत हे झाड तण म्हणून माजलं आहे. त्यामुळे जांबोटी, कणकुंबी, भीमगड अभयारण्याच्या कडेच्या गावांत ड्युरांटा फळांवर येऊ देऊ नये. तिथं कुंपणाला करवंदी लावावी. ती इथलीच आहे, काट्यांची आहे आणि तिची पिकलेली फळं पोरांनी खुशाल खावीत.